मुंबईहून देवगडला पत्र जायचं तरी कसं? (जुने शिक्के आणि टपालाची वाट)

मृण्मयी

नमस्कार मंडळी. देवगडच्या घराचा माळा आवरताना पणजोबांची पत्रं मिळाली. ते परळला गिरणीत होते, पणजी आणि पोरं गावी. १९३० ते १९४० च्या दरम्यानची कार्डं आणि पाकिटं आहेत, बरीचशी वाचता येतात. मजकूर घरातला आहे, तो इथे टाकत नाही. मला विचारायचंय ते शिक्क्यांबद्दल.

प्रत्येक कार्डावर निदान दोन शिक्के आहेत. एक मुंबईचा, एक देवगडचा, एवढं कळतं. पण काहींवर तिसरा शिक्काही आहे. त्यात इंग्रजीत 'आर.एम.एस.', कुठे 'आउट', कुठे 'सेट' आणि पुढे आकडा. हा शिक्का सगळ्यांवर का नाही? पत्र पोचायला लागलेले दिवसही सारखे नाहीत. शिक्क्यांच्या तारखा जुळवल्या तर एक कार्ड तिसऱ्या दिवशी पोचलंय, दुसऱ्याला आठवडा लागलाय. पत्ता तोच, माणसं तीच.

तेव्हा कोकणात रेल्वे नव्हती, रस्ते कसे असतील ते सांगायला नको. मग हे कार्ड परळच्या पेटीतून निघून आमच्या वाडीत येईपर्यंत कुणाकुणाच्या हातातून गेलं असेल? आणि तिथपासून आजपर्यंत काय काय बदलत गेलं? घरातल्या मंडळींसाठी छोटी पुस्तिका करतेय, त्यात हे नीट लिहायचंय. टपालखात्यात काम केलेलं कुणी इथे असेल तर फार बरं होईल.

तळाशीलकर

ताई, आगबोट! भाऊच्या धक्क्यावरून बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या बोटी सुटायच्या. दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण करत वेंगुर्ल्यापर्यंत, आणि पुढे पणजी. बोट खोल पाण्यात उभी राहायची. माणसं, ट्रंका, टपालाच्या थैल्या सगळं पडावात, म्हणजे छोट्या होडीत, उतरवून बंदरात आणायचे. आमच्याकडची जुनी माणसं सांगायची, भोंगा ऐकू आला की निम्मा गाव बंदरावर. कुणाचं माणूस येणार म्हणून, कुणाचं टपाल येणार म्हणून.

पण पावसाळ्यात बोट बंद. मे अखेरीस शेवटची फेरी, मग नारळी पौर्णिमा उलटल्यावर पुन्हा सुरू. तुमच्या आठवडा लागलेल्या पत्रांच्या तारखा बघा पाहू. जून ते ऑगस्ट निघतील.

मिरजेचा सॉर्टर

मृण्मयीताई, मी आर.एम.एस.मध्ये सॉर्टर होतो, म्हणजे पत्रं गावांप्रमाणे वेगळी करणारा, मिरजेत. सगळी नोकरी रात्रीच्या गाडीत आणि स्टेशनावरच्या ऑफिसात गेली. तेव्हा तुमच्या तिसऱ्या शिक्क्याबद्दल मी सांगतो.

आर.एम.एस. म्हणजे रेल्वे मेल सर्व्हिस. शिक्क्यातलं अक्षर विभागाचं. माझ्या काळात बी म्हणजे पुणे, बीएम म्हणजे मिरज, एल म्हणजे भुसावळ, एफ म्हणजे नागपूर. त्यापुढचा आकडा सेक्शनचा, म्हणजे कोणत्या मार्गावरची कोणती गाडी. 'आउट' म्हणजे जाताना, 'इन' म्हणजे परतताना. आणि 'सेट' म्हणजे त्या रात्री डब्यात उभी असलेली माणसं. एका सेक्शनवर आळीपाळीने वेगवेगळे सेट जात. म्हणजे तुमच्या पणजोबांचं कार्ड कोणत्या रात्री, कोणत्या गाडीत, कोणत्या टोळीच्या हातून गेलं, त्याची नोंद त्या एवढ्याशा गोलात आहे. शिक्का पुसट असेल तर कार्ड उजेडात तिरकं धरा, शाई गेली तरी धातूचा दाब राहिलेला असतो.

सगळ्या पत्रांवर हा शिक्का नसतो, कारण सीलबंद थैलीला आम्ही वाटेत हात लावत नव्हतो. मुंबईने एखाद्या ऑफिसची थैली बांधून लाखेचं सील केलं की ती तशीच पुढे जायची. ज्या थैलीत अनेक गावांचं टपाल एकत्र असेल ती डब्यात उघडायची, आणि मग त्यातलं पत्रन् पत्र हातातून जायचं.

आता मुख्य मुद्दा. लोकांना वाटतं, टपाल वेगाने जाऊ लागलं ते आगगाडीमुळे. हे अर्धंच खरं आहे. मुंबई-ठाणे गाडी १८५३ ला सुरू झाली. पण नुसत्या गाडीने काय होतं? पत्रं पुण्याला उतरणार, तिथल्या ऑफिसात उघडणार, गावोगावची वेगळी करणार, पुन्हा बांधणार, तोवर पुढची गाडी निघून गेलेली. एक दिवस गेलाच. १८६३ ला अलाहाबाद-कानपूर गाडीत पहिल्यांदा चालत्या डब्यात वर्गवारी सुरू झाली, आणि हा वाया जाणारा दिवस वाचला. गाडी पळतेय तेवढ्या वेळात पत्रं वेगळी होऊन थैल्या तयार. स्टेशन आलं की थैली खाली. माझ्या मते आपल्या टपालातला सगळ्यांत मोठा बदल हाच. विमानाचं कौतुक जास्त होतं, पण खेड्यापाड्यांना खरा वेग दिला तो या डब्याने.

डबा कसा होता ते सांगतो, पुस्तिकेत उपयोगी पडेल. एका बाजूला भिंतभर लाकडी खण, प्रत्येक खण एका ऑफिसचा. समोर अरुंद टेबल, वर दिवे. डाव्या हातावर पत्रांचा गठ्ठा, अंगठ्याने एकेक पुढे सरकवायचं, पत्ता वाचायचा, उजव्या हाताने खणात. नजर खणाकडे जातच नाही, हाताला जागा माहीत असते. पुणे-मिरज मार्गावर आदर्कीच्या वळणांना गाडी कलायची तेव्हा गुडघा टेबलाला टेकवून उभं राहायचं. खण भरला की गठ्ठा सुतळीने बांधायचा, वर लेबल, थैलीत टाकायचा, तोंड आवळायचं, लाख वितळवून सील. उन्हाळ्यात त्या लाखेच्या वासाने आणि ज्यूटच्या धुळीने घसा धरायचा. कराडला गाडी जेमतेम टेकायची, तेवढ्यात चिपळूण-रत्नागिरीकडच्या थैल्या उतरवून सह्या घ्यायच्या.

आणि हे सगळं डोक्यातल्या भूगोलावर चालायचं. आपल्या राज्यात पिंपळगाव किती, वडगाव किती, नांदगाव किती! नुसतं 'मु. पो. वडगाव' लिहिलेलं कार्ड हातात आलं की तालुका बघायचा, तालुका नसेल तर पाठवणाऱ्याचं गाव, आडनाव, काहीतरी धागा शोधायचा. आम्हाला परीक्षा असायची. पुठ्ठ्याच्या कार्डांवर ऑफिसांची नावं, घड्याळ लावून बसायचं आणि प्रत्येक कार्ड योग्य खणात टाकायचं. चुकांची मोजदाद व्हायची. आमचे सीनियर घरी जेवताना बायकोला ऑफिसांची नावं विचारायला लावायचे, इतकं ते पाठांतर.

तुमच्या तिसऱ्या शिक्क्याची पत्रं पावसाळ्यातली असतील तर वाट अशी: मुंबई, पुणे, मिरज, कोल्हापूर रेल्वेने, तिथून घाट उतरून खाली. तळाशीलकर बरोबर बोलतायत, तारखा बघा.

मृण्मयी

काका, तळाशीलकर, दोघांचेही मनापासून आभार. आत्ताच सगळी पसरून तारखा पाहिल्या. आर.एम.एस.चा शिक्का असलेलं एकूण एक पत्र जून ते सप्टेंबरमधलं आहे! ऑक्टोबर ते मेच्या एकाही कार्डावर तो नाही. म्हणजे बोटीने थैली थेट आली, आणि पावसाळ्यात घाटावरून फिरून आली. इतके दिवस ट्रंकेत होतं आणि कुणी पाहिलंच नाही.

घाटापासून वाडीपर्यंतचं कुणी सांगेल का?

अजून एक मिळालंय. मनीऑर्डरची कुपनं. बोटभर रुंदीचे कागद, त्यावर पणजोबांचा बारीक मजकूर. एकावर 'रुपये सात पाठविले आहेत. रेडा विकू नये, मी शिमग्यास येतो.'

सनावळी

मृण्मयी, पुस्तिकेत मागचा थोडा भाग असू द्या, नाहीतर टपाल इंग्रजांनीच आणलं असं वाचणाऱ्याला वाटेल. पेशवाईत जासूद, म्हणजे सरकारी निरोपे, होते, ते बहुधा जोडीने जात, म्हणून कागदपत्रांत 'जासूदजोडी' सापडते. लांबच्या मजलेला सांडणीस्वार. सावकारांचे कासीद, म्हणजे पत्रं नेणारे, वेगळे. पानिपतच्या संहाराची बातमी नानासाहेब पेशव्यांना वाटेत कळली ती सावकारी कासिदाच्या हातातल्या पत्रावरून, मोत्ये आणि मोहरांच्या सांकेतिक भाषेत लिहिलेल्या. व्यवस्था होती, वेगवानही होती. पण ती दरबाराची आणि पेढीची. परळच्या गिरणी कामगाराला तिचा काही उपयोग नव्हता.

फरक पडला तो दरामुळे. १८५४ च्या आधी कंपनीच्या टपालात पत्राचा दर अंतरावर होता. कलकत्त्याहून मुंबईला तोळाभर पत्राला रुपया. १८५४ च्या कायद्याने पाव तोळ्याच्या पत्राला अर्धा आणा, देशात कुठेही. त्याच्या दोन वर्षं आधी सिंधमध्ये तिथला कमिशनर बार्टल फ्रिअर याने 'सिंध डाक'ची तिकिटं काढली होती, आशियातली पहिली चिकटवायची तिकिटं. मग १८७९ ला पोस्टकार्ड आलं, पाव आण्याला. १८८० ला मनीऑर्डर टपालखात्याकडे आली. या दोन गोष्टींनी कोकण आणि मुंबई जोडली गेली असं मी म्हणेन. रत्नागिरीच्या अर्थव्यवस्थेला मनीऑर्डरची अर्थव्यवस्था म्हणतात ते उगाच नाही.

तळाशीलकर

घाट ते वाडी मी सांगतो, ऐकीव आहे पण घरातलं. मोठ्या ठाण्यापर्यंत सर्व्हिस मोटर, त्याआधी टांगा किंवा बैलगाडी. तिथून आत रनर. खांद्यावर थैली, हातात भाला, त्याला घुंगरं. रानातून जाताना जनावर दूर व्हावं आणि समोरच्या टप्प्यावरच्या गड्याला आवाज जावा म्हणून. एक आपला टप्पा संपवून थैली दुसऱ्याला द्यायचा आणि उलटी थैली घेऊन परत फिरायचा. पावसात पऱ्या, म्हणजे ओहोळ, भरला की ओंडक्याच्या साकवावरून, म्हणजे छोट्या पुलावरून. थैली भिजू नये म्हणून वर इरलं, स्वतः भिजलेला.

खेड्यातलं पोस्ट म्हणजे बहुतेक ठिकाणी शाळामास्तरच्या घरची ओटी नाहीतर वाण्याचं दुकान. पत्र वाचून दाखवायचं कामही मास्तरांकडेच.

एस.टी. १९४८ ला सुरू झाली, पुणे-नगर मार्गावर. ती कोकणात आली तशी थैल्या एस.टी.त गेल्या आणि रनरची मोठी मजल संपली. शेवटचे तीन-चार मैल मात्र पायीच राहिले.

सोनेगाव रात्रपाळी

मी नागपूरचा, जुनी पाकिटं जमवतो. सॉर्टरकाकांचं म्हणणं मान्य करूनही विमानाची बाजू मांडतो, कारण त्यात आमच्या गावाचा वाटा आहे आणि बाहेर फारसा कुणाला ठाऊक नसतो.

विमानाने टपाल नेण्याचा पहिला अधिकृत प्रयोग आपल्याच देशात झाला, १८ फेब्रुवारी १९११ ला. अलाहाबादच्या प्रदर्शनाच्या निमित्ताने आँरी पेके या फ्रेंच वैमानिकाने सुमारे साडेसहा हजार पत्रं घेऊन नैनीपर्यंत उड्डाण केलं. अंतर नदीपलीकडचं, दहा किलोमीटरच्या आसपास. तो प्रयोगच. नियमित टपाल सुरू झालं ते १५ ऑक्टोबर १९३२ ला. जे. आर. डी. टाटांनी पुस मॉथ हे छोटं विमान कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला, जुहूला आणलं. टपाल २५ किलो, लंडनहून इम्पीरियल एअरवेजने कराचीला आलेलं. अहमदाबादला विमानाचं इंधन बैलगाडीतून आणलं होतं. पुढे नेव्हिल व्हिन्सेंट तेच टपाल घेऊन बेल्लारीमार्गे मद्रासला गेले. मृण्मयीताई, तुमच्या पत्रांचा काळ नेमका हाच आहे.

आणि आता नागपूर. जानेवारी १९४९ मध्ये रात्रीचं हवाई टपाल सुरू झालं. रफी अहमद किडवाई तेव्हा दळणवळण मंत्री होते, कल्पना त्यांची. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास या चारही शहरांतून रात्री एकेक डाकोटा निघायचं आणि मध्यरात्रीच्या सुमारास चारही सोनेगावला, म्हणजे नागपूरच्या विमानतळावर, उतरायची. धावपट्टीशेजारी थैल्यांची अदलाबदल. दिल्लीच्या विमानातून उतरलेल्या मद्रासच्या थैल्या मद्रासच्या विमानात, मुंबईच्या मुंबईच्या. मग जे ते विमान आल्या वाटेने परत, पहाटे आपापल्या शहरात. संध्याकाळी मुंबईत टाकलेलं पत्र दुसऱ्या सकाळी कलकत्त्यात. त्याच वर्षी एप्रिलपासून देशातली साधी पत्रंही जादा पैसे न घेता विमानाने जाऊ लागली. देशाच्या मध्यावर असण्याचा नागपूरला झालेला इतका थेट उपयोग दुसरा मला माहीत नाही. माझे वडील सोनेगावजवळ राहायचे. डाकोटांचा आवाज सुरू झाला की घरातले घड्याळ लावायचे.

काका, हीसुद्धा वर्गवारीच म्हणायची ना? फक्त धावपट्टीवरची.

मिरजेचा सॉर्टर

सोनेगावकर, अगदी मान्य. थैल्यांची ती अदलाबदल हाच त्या योजनेचा जीव होता. चार विमानांत सहा शहरजोड्या सांभाळल्या, एरवी प्रत्येक जोडीला वेगळं विमान लागलं असतं. तेवढं सोडून माझा आग्रह कायम. मुंबई ते कलकत्ता एका रात्रीत झालं, पण मुंबई ते देवगड तेव्हाही आमच्याच डब्यातून आणि घाटातून जात होतं.

आता पिन कोडबद्दल लिहितो, कारण ताईंच्या पत्रांची पावसाळी वाट आजही त्यात दिसते.

पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ ला आला. तो तयार केला श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. खात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृतचे मोठे पंडित, लेखक. देशाचे आठ विभाग, नववा लष्करी टपालाचा. पहिला आकडा विभागाचा. आपला चार, त्यात महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड. पहिले तीन आकडे मिळून सॉर्टिंगचा जिल्हा, म्हणजे टपाल कुठे एकत्र करायचं ते. शेवटचे तीन प्रत्यक्ष वाटप करणाऱ्या पोस्टाचे. सॉर्टिंगचा जिल्हा आणि महसुली जिल्हा एकच असेल असं नाही, ही गोष्ट लक्षात ठेवा.

आता नकाशा घेऊन बसा. चिपळूण, खेड, दापोली, रत्नागिरी यांचे पिन ४१५ ने सुरू होतात. साताऱ्याचेही ४१५. देवगड, कणकवली, मालवण, सावंतवाडी ४१६, आणि कोल्हापूरही ४१६. समुद्रकाठच्या गावाचा आकडा घाटावरच्या शहराशी का जुळावा? १९७२ मध्ये कोकणात रेल्वे नव्हती, टपाल घाटावरून खाली यायचं. उत्तरेकडचं कराडहून कुंभार्ली घाटाने, दक्षिणेकडचं कोल्हापूरहून. जसं टपाल चालायचं तसे आकडे पडले. तेव्हा सिंधुदुर्ग जिल्हा झालेलाही नव्हता, तो १९८१ चा. आणि गंमत अशी की लांजा, राजापूर आजही रत्नागिरी जिल्ह्यात आहेत पण त्यांचे पिन ४१६ चे, कारण ती गावं कोल्हापूरच्या बाजूने जोडलेली. कोकण रेल्वे १९९८ ला पूर्ण झाली, आकडे मात्र तेच राहिले. ताई, तुमच्या घराच्या पत्त्यात हा ४१६ रोज लिहिला जातो. त्यात तुमच्या पणजोबांच्या जुलैच्या कार्डाची वाट आहे.

आमच्यासाठी पिन आला तेव्हा पाठांतराची धार कमी झाली. नवीन पोरांना गावं माहीत नसली तरी आकडा बघून खण सापडायचा. आमच्या काही सीनियरांना ते रुचलं नाही. मला ते चांगलंच वाटलं, कारण 'वडगाव'वाली कार्डं आधी चार ठिकाणी फिरायची आणि शेवटी मुंबईच्या परतपत्र कार्यालयात जाऊन पडायची, ती आता घरी पोचू लागली. एखाद्या आईला मुलाचं पत्र मिळतंय यापुढे आमच्या पाठांतराचा अभिमान मोठा नाही.

पुढे हळूहळू डब्यातली वर्गवारी बंद झाली. बंद थैल्या नुसत्या पोचवायच्या, उघडायच्या स्टेशनावरच्या ऑफिसात. मग बरंचसं टपाल रस्त्याने जाऊ लागलं. १९८६ च्या ऑगस्टमध्ये स्पीड पोस्ट सुरू झालं, त्याची साखळी वेगळी. तारेची सेवा जुलै २०१३ मध्ये थांबली. खणांसमोर उभं राहून काम केलेली आमची पिढी आता कमी उरली आहे, म्हणून इतकं लांबण लावून लिहिलं. हे कुठेतरी लिहिलेलं असलं पाहिजे असं मला फार वाटतं.

शाखा डाकपाल, राजापूर तालुका

काकांनी आमच्या ४१६ चा उलगडा केला, मला नोकरीत असूनही कुणी सांगितलं नव्हतं. आता आजचं मी सांगते. मी ग्रामीण डाक सेवक आहे, शाखा डाकपाल. पोस्ट माझ्या घराच्या पडवीत. मोठ्या पोस्टातून सकाळी थैली येते. जुना रनर आता मोटरसायकलवर येतो, पण थैली तीच, बांधायची पद्धतही तशीच.

थैलीत काय असतं ते ऐका. आधार कार्डं, पॅन कार्डं, बँकेची चेकबुकं, एटीएम कार्डं, विम्याच्या नोटिसा, कोर्टाची कागदं, पासपोर्ट, आणि पार्सलं. हाताने लिहिलेलं पत्र क्वचित. राखीच्या दिवसांत पाकिटं येतात, तेव्हा थैलीला जरा जुनं रूप येतं. पोस्टकार्ड अजून पन्नास पैशालाच आहे. शाळेतल्या मुलांना मी दरवर्षी कार्डं देऊन आजी-आजोबांना लिहायला लावते.

पूर्वी वहीत नोंद आणि सही. आता प्रत्येक वस्तू मोबाईलवर स्कॅन करायची, घरी गेलं की तिथेच सही नाहीतर ओटीपी. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट वेगळं न राहता स्पीड पोस्टमध्ये मिसळलं. गावातल्या जुन्या माणसांना ते समजावणं हे माझं त्या वर्षातलं मोठं काम. 'रजिस्टर करून पाठव' हे वाक्य त्यांच्या तोंडातून जाणार नाही, आणि जाऊ नये असंच मला वाटतं. पोचपावती म्हणजे विश्वास, त्यांना एवढंच हवं असतं.

मृण्मयीताई, तुमच्या कुपनांबद्दल. मनीऑर्डरच्या फॉर्मचे भाग असायचे. कुपन पैसे घेणाऱ्याकडे राहायचं, म्हणून ते तुमच्या गावच्या ट्रंकेत आहे. पावती पैसे घेणाऱ्याच्या सहीने किंवा अंगठ्याने पाठवणाऱ्याकडे परत जायची. अंगठा असेल तर साक्षीदाराची सही लागायची. तुमच्या पणजीचा अंगठा परळला जाऊन पोचला असणार. आमच्या गावात मनीऑर्डर म्हणजे महिन्याचा दिवस ठरलेला. पोस्टमन वळणावर दिसला की बायका अंगणात. कुणाची आली नाही तर पोस्टमनच सांगायचा, 'उद्या बघू गो'. घरात चूल कशावर पेटते ते त्याला ठाऊक असायचं.

आता पैसे खात्यात येतात. पण खात्यात आले म्हणजे हातात आले असं होत नाही. बँक दूर, एस.टी.ची वेळ जुळत नाही. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँक २०१८ ला सुरू झाली तेव्हापासून मी यंत्र घेऊन घरी जाते. म्हातारी आजी बोट टेकवते, पैसे तिच्या हातात देते. शाईचा अंगठा गेला, यंत्रावरचा आला. शेतात राबून कितींच्या बोटांच्या रेषा पुसल्यात, यंत्र घेत नाही, मग दुसरं बोट, तिसरं बोट. खोबरेल लावून पुसून पुन्हा. घाई करून चालत नाही. ते पैसे औषधाचे असतात.

आणि शेवटचे मैल अजून पायीच आहेत, तळाशीलकरांनी लिहिलं तसेच. गाडी पाखाडीपर्यंत, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेपर्यंत, तिथून खाली उतरायचं, साकव ओलांडायचा, पलीकडच्या वाडीत चढायचं. साकव आता काँक्रीटचा आहे.

सोनेगाव रात्रपाळी

ताई, २०२५ मध्ये आलेला डिजिपिन तुमच्याकडे वापरात आहे का? साधारण चार मीटर बाय चार मीटरच्या चौकोनाला एक दहा अक्षर-आकड्यांचा कोड. वाडीतल्या विखुरलेल्या घरांना तो उपयोगी पडेल असं वाटतं.

शाखा डाकपाल, राजापूर तालुका

मी माझ्या हद्दीतल्या घरांचे कोड काढून वहीत लिहायला घेतलेत. रात्री-अपरात्री रुग्णवाहिका बोलवायची झाली तर तो कोड फार कामाचा, म्हणून मी लोकांना दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवायला सांगते. पण पत्रावर अजून कुणी लिहिलेला पाहिला नाही. आमच्याकडे एकाच आडनावाची वीस घरं असतात आणि नावंही आजोबांचीच परत ठेवलेली. त्यामुळे मी सगळ्यांना सांगते, वडिलांचं नाव पूर्ण लिहा, वाडीचं नाव लिहा. एवढ्याने घर सापडतं.

मृण्मयी

तुम्ही सगळ्यांनी इतकं दिलंत की पुस्तिकेचा आराखडाच बदलला. पत्रांच्या मजकुराइतकीच पानं आता शिक्क्यांना देणार. पावसाळी आणि बोटीची पत्रं वेगळी करून नकाशावर दोन वाटा काढणार, आणि खाली ४१५-४१६ ची हकीकत. सॉर्टरकाका, तुमचं डब्याचं वर्णन तुमच्या परवानगीने जसंच्या तसं घेऊ का?

पुस्तिका छापून झाली की गावच्या भावकीला पोस्टानेच पाठवायची आहे. शाखा डाकपाल ताई, पार्सल करू की साधं बुकपोस्ट?

मिरजेचा सॉर्टर

खुशाल घ्या. फक्त आदर्कीचं नाव गाळू नका. आणि नकाशात कराड ते चिपळूण ही रेघ ठळक काढा.

शाखा डाकपाल, राजापूर तालुका

स्पीड पोस्टने पाठवा ताई, वाटेत कुठे आहे ते तुम्हाला मोबाईलवर कळेल. पावसात पाठवणार असाल तर आत प्लास्टिकची पिशवी घाला, कागदाच्या पाकिटावर विसंबू नका. पत्त्यात वाडीचं नाव, घेणाऱ्याच्या वडिलांचं नाव आणि गावातच असणाऱ्या माणसाचा मोबाईल नंबर लिहा. मुंबईतल्या मुलाचा नंबर लिहिला तर ओटीपी तिकडे जातो आणि आमचा माणूस इथे दारात उभा राहतो. आणि गणपतीच्या आठ दिवस आधी टाकू नका, तेव्हा थैल्या फुगलेल्या असतात. पितृपक्षात टाका, लवकर पोचेल.